मदत हवी आहे: उकाड्यात टिकणारा टेट्रा (टाकीत पाळायचा छोटा मासा) कोणता?

म्हापशाला घरी 60 लिटरची माशांची टाकी आहे, वर्षभर चालू. विहिरीचं पाणी, पीएच 6.5, अमोनिया-नायट्राइट शून्य, स्पंज फिल्टर, हीटर नाही. मे महिन्यात पाणी 31 अंशांवर गेलं आणि दहापैकी सात निऑन टेट्रा आठवड्यात गेले. शेवटचा तर लाल पट्टा फिका पडून पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून होता, बघवत नव्हतं. झाकण काढून पंखा लावला, दोनेक अंश उतरले. बर्फाच्या बाटल्याही सोडल्या, पण त्यानं तापमान सारखं वरखाली होतं, ते जास्तच वाईट. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) परवडणार नाही. निऑनपेक्षा कार्डिनल टेट्रा उष्णता जास्त सोसतो, हे वाचलंय. मग उरलेल्या तिघांसोबत आठ कार्डिनल सोडू, की एम्बर टेट्रा घेऊ? गोव्यात चिलरशिवाय उन्हाळा कुणी काढलाय का, आणि कोणत्या जातीवर?