मॅकबेथ सव्वा तासात बसवताना तो निव्वळ खलनायक होतोय. काय कापायचं नाही?

विंगेतून

हौशी संस्थेसाठी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची सव्वा तासाची मराठी रंगावृत्ती करायची आहे. मूळ संहिता साधारण २१०० ओळींची, म्हणजे जवळजवळ निम्मी कात्री. पहिल्या मसुद्यात घटना सगळ्या राखल्या आहेत: चेटकिणी, राजा डंकनचा खून, मॅकबेथचा साथी सरदार बँकोचा खून, मेजवानी, बर्नमचं रान, शेवटचं द्वंद्व. वाचताना गोष्ट नीट कळते, पण नायक उरत नाही. माणूस एकामागून एक मुडदे पाडतो आणि शेवटी मरतो. मेला ते बरं झालं, एवढंच वाटतं.

दुष्ट माणूस भरभराटीतून विनाशाकडे गेला तर ना करुणा वाटते ना भीती, हे ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात म्हटलंच आहे. मग मूळ नाटकात हाच माणूस शोकात्म नायक कसा ठरतो? आणि कापताना नेमक्या कोणत्या जागांना हात लावायचा नाही?

प्रॉम्प्टर

तुम्ही घटना राखल्यात आणि दोन घटनांच्या मधली जागा कापलीत. मॅकबेथ राहतो त्या मधल्या जागेत.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश पुन्हा उघडा. आत डंकनची पंगत चालू आहे आणि यजमान पानावरून उठून एकटाच बाहेर आलाय. पुढच्या अठ्ठावीस ओळींत तो स्वतःवरच खटला चालवतो. सुरुवात हिशेबी आहे: आपण रक्ताचा धडा घालून दिला की तो उलटून आपल्यावरच येतो. पण तो तिथे थांबत नाही. मी याचा आप्त, मी याचा प्रजाजन, आणि आज तर मी यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं ते मी, मीच सुरी कशी धरू? शिवाय राजा सौम्य, कारभार निर्मळ. आणि मग त्याला दया दिसते, वादळावर स्वार झालेल्या उघड्या तान्ह्या मुलाच्या रूपात. खुनाच्या बाजूने बोलायला एकटी महत्त्वाकांक्षा उरते, आणि तीही घोड्यावर उडी घेताना पलीकडे कोसळणारी. सबंध नाटकात त्याच्याविरुद्ध इतकी भक्कम बाजू दुसरं कोणीही मांडत नाही. लेडी मॅकबेथ आल्यावर तो सरळ सांगतो, आता हे पुढे न्यायचं नाही. हे सगळं ऐकल्यावर खून झाला तरच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण किंमत मॅकबेथला आधीच पैशापर्यंत ठाऊक होती. या भाषणातली एकही ओळ कापू नका. वेळ काढायचाच असेल तर पहिल्या अंकातलेच निरोप्यांचे, स्वागताचे संवाद आवळा.

दुसरी जागा दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. खून रंगमंचावर घडत नाही, तो आत घडतो. आपल्याला दिसतात ते परत आलेले हात. रक्ताळलेले खंजीर त्याने सोबतच आणलेत; झोपलेल्या पहारेकऱ्यांजवळ ते ठेवायचे होते. रणांगणात शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरणारा योद्धा, असं त्याचं पहिलं वर्णन आपण ऐकलेलं असतं. तोच आता परत त्या खोलीत जायला धजत नाही, खंजीर बायकोला नेऊन ठेवावे लागतात. आणि तो घोकत काय असतो? शेजारच्या खोलीत कोणी 'देव आमचं भलं करो' म्हणालं, तेव्हा माझ्या तोंडून 'आमेन' का निघालं नाही?

इथून पुढे त्याच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा त्यालाच कळतं. आधी प्रार्थना, त्याच प्रवेशात झोप. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात बँकोवर मारेकरी घातल्याचं तो बायकोपासून लपवतो, 'तुला न कळलेलंच बरं' म्हणतो. म्हणजे ज्या एका माणसाशी तो खरं बोलत होता, तेही संपलं. मेजवानीनंतर ती दोघं पुन्हा एकदाही रंगमंचावर एकत्र येत नाहीत. पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि तो म्हणतो, भीतीची चवच मी विसरलोय. लगेच राणी गेल्याची बातमी येते, आणि त्याला रडूही येत नाही. 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे भाषण त्या कोरडेपणातून निघतं. एकटं उचलून सुभाषितासारखं म्हटलं तर ते फुकट जातं. मधल्या पायऱ्या जागेवर असतील तरच ते अंगावर येतं.

तुमच्या मसुद्यात तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश नसणार, असा माझा अंदाज आहे. कथानकाला त्याची गरज नाही म्हणून तो सगळ्यात आधी उडतो. मूळचा पन्नासेक ओळींचा आहे, तीस ठेवल्यात तरी पुरे.

कावेरी

शेक्सपिअरने हा माणूस घडवताना काय बदललं ते पाहिलं की वरचा मुद्दा आणखी पक्का होतो. त्याचा मुख्य आधार हॉलिन्शेडची बखर. तिच्यात डंकन मऊ आणि कारभारात ढिला, बँको मॅकबेथच्या कटात सामील, आणि गादीवर आल्यावर मॅकबेथ दहा वर्षं चांगलं राज्य करतो. इतिहासातला मॅकबेथ १०४० ते १०५७ गादीवर होता, आणि डंकन पाहुणा म्हणून झोपेत मेला नव्हता, लढाईत पडला होता. यजमानाच्या घरात झोपलेल्या राजाचा खून बखरीत आहे, पण तो डफ नावाच्या दुसऱ्याच राजाचा.

म्हणजे नायकाच्या बाजूने बोलू शकतील अशा सगळ्या सबबी लेखकाने हाताने काढून टाकल्या. राजा चांगला केला, साथीदार काढून घेतला, चांगल्या राज्याची दहा वर्षं पुसली. (बँकोला निर्दोष करण्यामागे दरबारी कारणही होतं: इंग्लंडचा राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे आणि १६०३ पासून शेक्सपिअरच्या नाटक मंडळीचा तोच आश्रयदाता होता.) सहानुभूती मिळवायची सोपी वाट बंद केल्यावर एकच वाट उरते, ती म्हणजे त्या माणसाचं डोकं आतून दाखवणं. रंगावृत्ती करणारे पुष्कळदा उलट करतात: सबबी परत आणतात आणि स्वगतं कापतात.

त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळा दोष लेडी मॅकबेथवर ढकलणं. मग तो बायकोच्या ताटाखालचं मांजर होतो, आणि मांजराची शोकांतिका होत नाही. चेटकिणी 'राजा होशील' म्हणतात, 'खून कर' असं त्या कुठेही म्हणत नाहीत. तरी तो दचकतो. 'इतकं गोड ऐकून दचकलास का?' हा बँकोचा प्रश्न काहीही झालं तरी ठेवा. विचार त्याच्या मनात बायकोला भेटण्याआधीच आलाय, हे प्रेक्षकाला त्या एका ओळीतून कळतं.

जुनी संहिता

ॲरिस्टॉटलबद्दल. शोकात्म नायक ज्यामुळे पडतो त्या 'हमार्तिया'चं भाषांतर 'स्वभावदोष' असं करून 'मॅकबेथचा दोष महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर' अशी पाठांतरं केली जातात. ग्रीक शब्दाचा रोख चुकीवर आहे, नेम चुकण्यावर. मराठीत 'प्रमाद' म्हणतात ते जास्त जवळचं. ग्रीक शोकांतिकेतला ईडिपस तिठ्यावर ज्या म्हाताऱ्याला मारतो तो आपला बाप आहे हे त्याला माहीत नसतं. सगळं नाटक ते माहीत होण्याचं आहे. मॅकबेथला सगळं आधीच माहीत असतं, म्हणून तो त्या चौकटीत बसत नाही, आणि बसवायचा अट्टाहासही नको. त्याच्याकडे न कळलेलं असं उरतं फक्त भविष्यवाण्यांचं दुहेरीपण, आणि तो या नाटकाचा गाभा नव्हे.

नटासाठी एक जागा सुचवतो. खून उघडकीला आल्यावर सरदारांसमोर तो म्हणतो, 'हे घडण्याच्या तासभर आधी मेलो असतो तर आयुष्य सार्थकी लागलं असतं.' म्हणतो तो लोकांना फसवायला, पण वाक्य अक्षरशः खरं आहे. नट ते दिखाऊ करून घालवतात. पहिल्या चार शब्दांपर्यंत नाटकी आणि मग आवाज खाली येऊ द्या. एवढ्या एका वाक्यात खोटं बोलणारा आणि ते खरं असल्याचं जाणणारा, दोन्ही माणसं दिसायला हवीत.

भाषेबद्दलही थोडं. शि. म. परांजप्यांचं 'मानाजीराव' आणि शिरवाडकरांचं १९५४ चं 'राजमुकुट' वाचून घ्या, पण तुमच्या मॅकबेथला स्वगतात जड समास देऊ नका. त्याचे सगळ्यात भयंकर विचार मुळात अगदी साध्या शब्दांत आहेत.

विंगेतून

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश खरंच उडवला होता, परत घेते. दोन शंका. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याच्या बायकोमुलांच्या हत्येचा प्रवेश काढला तर सहानुभूती टिकायला मदत होईल का? मूल मारलेलं पाहिल्यावर प्रेक्षक त्याच्याकडे परत येईल असं वाटत नाही. आणि मेजवानीत बँकोचं भूत दाखवायचं की रिकामी खुर्ची?

प्रॉम्प्टर

तो प्रवेश काढू नका. त्याआधीच्या प्रवेशात मॅकबेथ ठरवतो की इथून पुढे मनात येईल ते लगेच हाताने करायचं, मध्ये विचार नाही. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात अठ्ठावीस ओळी विचार करणारा माणूस इथे विचार करणंच सोडतो, आणि लगेच एक मूल मरतं. ते डोळ्यांसमोर घडायला हवं. मग तो चार प्रवेश दिसतच नाही, आणि पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात परत येतो तेव्हा 'मान, प्रेम, आज्ञाधारकता, मित्रांचे थवे, हे म्हातारपणी माझ्या वाट्याला येणार नाही' असं म्हणतो. शेवटी मॅकडफ समोर आल्यावरचं वाक्य पाहा: 'मागे फीर, तुझ्या घरच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झालाय.' ते मूल आपण पाहिलेलं नसेल तर या वाक्यात काही उरत नाही. प्रवेश चाळीस ओळींवर आणा, मुलगा आणि आईचं बोलणं ठेवा, रॉस सरदाराचं समजावणं कापा.

वेळ इथे मिळेल: चेटकिणींची देवता हेकटी, तिचा प्रवेश पूर्ण काढा, तो मिडल्टन या दुसऱ्या नाटककाराने मागाहून घातला असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमधला प्रवेश अडीचशे ओळींच्या आसपास आहे. डंकनचा मुलगा माल्कम मॅकडफची परीक्षा घेतो तो भाग जाऊ द्या, घरच्यांची बातमी येते तो शेवटचा तिसरा हिस्सा ठेवा.

कावेरी

भूत दाखवा. १६२३ च्या छापील प्रतीत स्पष्ट सूचना आहे की भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं. हवेतला खंजीर मात्र दाखवू नका. दुसऱ्या अंकात तो पाहतो आणि आपल्याला काही दिसत नाही. तिसऱ्या अंकात सरदारांना काही दिसत नाही, पण आपल्याला दिसतं. तोवर आपण त्याच्या डोळ्यांनी पाहायला लागलेलो असतो. रिकामी खुर्ची ठेवलीत तर प्रेक्षक जाऊन सरदारांच्या रांगेत बसतो.

आणि शेवटचं माल्कमचं भाषण कितीही छोटं केलंत तरी 'हा मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसी राणी' हे शब्द राहू द्या. माल्कमने एकही स्वगत ऐकलेलं नाही, त्यामुळे त्याच्या जागी ते बरोबरच आहे. ते म्हणताना त्याच्या आवाजात कुत्सितपणा नको, साधा निकाल वाचल्यासारखं म्हणू दे. मॅकबेथचं मस्तक तोवर रंगमंचावर आणलेलं असू दे, आणि त्या ओळीनंतर दिवे घालवायची घाई नको.