मरळीचे पोटाखालचे पर
'माशाला पोटाखालचे पर नाहीत म्हणजे प्रजातीच (जवळच्या जातींचा गट) वेगळी' असं कोणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. मरळ या गोड्या पाण्यातल्या माशाच्या बाबतीत शास्त्रज्ञही आधी तिथेच फसले होते. १७७७ मध्ये स्कोपोलीने पर नसलेल्या माशावरून 'चन्ना' नाव दिलं, १७९३ मध्ये ब्लॉखने परवाल्यांना 'ओफिसेफॅलस' (सापडोक्या, आणि डोक्यावरचे खवले बघता नाव झकासच!) म्हटलं. पुढे या दोन्ही प्रजाती एकच मानल्या गेल्या, जुनं नाव म्हणून चन्ना टिकलं. श्रीलंकेच्या चन्ना ओरिएंटॅलिसला ते पर नसतात, आपल्या गोदावरीतल्या मरळीला असतात.

मरळीची खरी खूण कल्ल्यांच्या वर. परवा नाशिकच्या बाजारातून आणलेली मरळ साफ करताना कल्ल्याचं झाकण उचललं, तर कमानींच्या वर छोटी पोकळी, आत लालसर घड्या. हवा घ्यायची ती तिथे. म्हणून तर पाटीत पाणी नसतानाही बराच वेळ वळवळत होती.