मदत हवी आहे: खेळात जमणारे इंग्रजी प्रश्न मुलांच्या रोजच्या बोलण्यात कसे आणावेत?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांची पहिली भाषा मराठी, इंग्रजी दुसरी, कन्नड तिसरी. मराठी-कन्नडात पोरं सहज वावरतात, पण इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हटलं की 'यू वेन्ट बाजार?' नाहीतर 'डिड यू वेन्ट?' कारण उघड आहे. मराठीत वाक्याशेवटी 'का' आला, कन्नडात क्रियापदाला 'आ' जोडला की प्रश्न झाला. इंग्रजीत मात्र डू, डज, डिड पुढे आणायचं, काळ त्यातच दाखवायचा आणि क्रियापद मूळ रूपात ठेवायचं.

नुसतं पाठांतर नको म्हणून जोड्या लावते. एकाकडे खानापूर-बेळगाव बस सुटायच्या वेळा, दुसऱ्याकडे पोहोचायच्या. कागद दाखवायचा नाही, विचारूनच भरायचा: 'व्हेन डज द फर्स्ट बस लीव्ह?' उत्तराची खरीच गरज असते, त्यामुळे 'डज' आपोआप तोंडी येतं. भूतकाळासाठी वर्गभर फिरून माणसं शोधायची: आज सकाळी धार कोणी काढली? 'डिड यू मिल्क द बफेलो धिस मॉर्निंग?' या खेळात कधी तोंड न उघडणारी मुलंही बोलतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण पुढे आहे. कागदावर वाक्याचा साचा असेतो सगळं बरोबर. दोन-चार दिवसांनी 'सुट्टीत काय केलंस, मैत्रिणीला विचार' म्हटलं की परत 'डिड यू वेन्ट'. निबंधातही तेच, आणि दहावीचा 80 गुणांचा पेपर शेवटी लेखीच असतो.

साचा हळूहळू काढून घेण्याची तुमची रीत काय? आधी क्रियापद झाकता, की थेट नुसतं चित्र देता? आणि चूक त्याच क्षणी दुरुस्त करता का? मी खेळ चालू असताना टिपून ठेवते, मग नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि मुलांकडूनच सुधारून घेते. बोलण्याचा ओघ तुटत नाही, पण तोवर ती चूक कोणाची होती हे त्या मुलालाही आठवत नाही.

गटात मराठी बोलायला मी मनाई करत नाही. खेळ समजून घ्यायला ती लागतेच, मुद्दा फक्त प्रश्न इंग्रजीत यावा एवढाच. प्रोजेक्टर नाही, मुलांकडे फोन नाहीत, बाकं हलवता येतात.

निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या शिक्षकांनी जरूर लिहावं. कन्नड माध्यमात शिकवणाऱ्यांनीही, कारण 'डिड'चा घोळ तिथेही असणार. वर्गात करून पाहिलेला एखादा खेळ पायरी-पायरीने सांगितलात तर सोमवारीच घेऊन बघेन.