प्रतिसाद: आधी माइक सरकवून बघा
वर तुम्ही लिहिलंय की रूममध्ये गिटारचा ॲम्प मस्त वाजतो पण रेकॉर्ड केला की नुसती झिरझिर ऐकू येते, तर नवीन माइक घ्यायच्या आधी आहे तोच सरकवून बघा. एसएम ५७ (गिटार ॲम्पसमोर सर्रास लावतात तो माइक) स्पीकरच्या अगदी मधोमध रोखला की सगळा ट्रेबल (वरच्या पट्टीचा तीक्ष्ण आवाज) अंगावर येतो, मधली गोल टोपी जिथे कोनला (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याला) चिकटते त्या कडेवर तो आणा, जाळीपासून दोन बोटं लांब, आणि मग अर्धा-अर्धा इंच बाहेर सरकवत हेडफोनवर ऐकत जा, फरक लगेच कळतो, ईक्यूने (आवाजातल्या पट्ट्या कमी-जास्त करून) तो आणायला खूप झटावं लागतं. आणि गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) कमी करा! एकट्याने वाजवताना भारी वाटणारा गेन मिक्समध्ये, म्हणजे बाकीची वाद्यं सोबत आली की, चिखल करतो, त्यापेक्षा तोच रिफ (गिटारचा तुकडा) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका (कॉपी-पेस्ट नको, त्याने रुंदी येत नाही). शेजाऱ्यांमुळे आवाज वाढवता येत नसेल तर लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पला जोडायचा डबा) आणि आयआर (स्पीकर-माइकच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) घ्या, बेडरूममध्ये तेच बरं पडतं. फक्त ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.