साडेअकरा वर्षांचा मुलगा रडू गिळतो आणि दार आपटतो

कृष्णाकाठ:
मुलगा सहावीत. गेल्या वर्षीपर्यंत शाळेतलं सगळं येऊन सांगायचा. आता काही बिनसलं की ओठ घट्ट मिटतो, दप्तर भिरकावतो, खोलीचं दार धाडकन लावतो. विचारलं की 'काही नाही'. सासरे 'पोरगा आहेस ना, बायकांसारखं रडतोस काय' म्हणतात, नवरा गप्प. वयात येण्याबद्दल घरात कुणीच बोललेलं नाही. ते कधी, कुणी आणि किती बोलायचं? 'वयच तसं आहे' हे उत्तर प्लीज नको.

मधली_सुट्टी (शालेय समुपदेशक):
आधी राग. मुलग्यांना चारचौघांत दाखवायला हीच एक भावना मोकळी ठेवलेली असते. संघात घेतलं नाही, सर वर्गासमोर बोलले, मित्र दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसला, सगळ्याचा राग होतो.

दार आपटलं की मागोमाग जाऊ नका. डोकं शांत व्हायला वीस-पंचवीस मिनिटं तरी जातात, तोवर कुठलाही प्रश्न उलटतपासणीच वाटतो. नंतर काहीतरी खायला द्या आणि समोर नाही, शेजारी बसून बोला. मटार सोलताना, स्कूटरवरून क्लासला सोडताना. नजरेला नजर नसली की मुलगे बोलतात. 'का केलंस?' नको. 'शाळेत झालं की क्लासला?' इतकंच. मग दोन अंदाज पुढे करा: 'सगळ्यांसमोर बोलले म्हणून लाज वाटली, की तुझी चूक नव्हती म्हणून चीड आली?' चुकीचा अंदाज तो खोडून काढतो आणि खोडता खोडता खरं सांगून जातो.

तिथं थांबा. घोळ नेमका इथेच होतो. त्याची दोन वाक्यं झाली की आपलं प्रवचन सुरू, नाहीतर लगेच सरांना फोन. पुढच्या वेळी पुन्हा 'काही नाही'.

मर्यादा मात्र पक्की हवी: रागावलं तर चालेल, फेकाफेक आणि मारामारी नाही. दप्तराची चेन तुटली तर ती बसवून आणणं त्याचं काम. त्यासाठी मोबाइल काढून घेऊ नका, चेनचा आणि मोबाइलचा काय संबंध? झोप, जेवण, खेळ हे सगळंच दोन आठवडे बिघडलेलं दिसलं तर मात्र वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

डॉ_खडीसाखर (बालरोग):
वयात येण्याचं बोलणं आत्ताच सुरू करा. मुलग्यांमध्ये बदल ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतात. पहिली खूण मिसरूड नाही, वृषणं मोठी होणं. ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज त्यानंतर बऱ्याच काळाने फुटतो, म्हणजे तेव्हा बोलायला बसलात तर तोवर मोबाइलने शिकवणी घेतलेली असते.

एक मोठी बैठक नको, पाच-पाच मिनिटं पुरतात. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्याने अशक्तपणा येत नाही, हे आधीच कानावर घाला. एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' वाल्यांची दुकानं याच भीतीवर चालतात. वॉशिंग मशीन लावायला शिकवा आणि चादर का धुतलीस हे कधी विचारू नका. स्तनाग्राखाली दुखरी गाठ निम्म्या मुलग्यांना तरी येते, बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. पोहायला जायचं एकदम बंद करणाऱ्या मुलाचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा. वृषणात अचानक जोराची कळ आली, सोबत उलटी झाली, तर पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतं, उशीर झाला तर काढावं लागतं. लाजून मुलगा 'पोटात दुखतंय' म्हणतो, घरचे ओवा देतात आणि रात्र निघून जाते. 'तिथं दुखलं तर रात्री दोनलाही उठव' हे वाक्य जसंच्या तसं सांगा.

आणि नको असलेला स्पर्श मुलग्यांनाही होतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा त्यांनाही लागू आहे.

तिसरा_गियर:
ताई, सासऱ्यांना उत्तर तुम्ही देऊ नका, मिस्टरांना देऊ द्या. तुम्ही बोललात तर सून-सासऱ्यांचा वाद होईल आणि मुलगा बाजूलाच राहील. 'रडू दे त्याला, मग बोलतो आम्ही.' इतकं पुरे, तेही तिथल्या तिथे आणि मुलाला ऐकू जाईल असं.

घरकामात 'आईला मदत' नको, त्याचा स्वतःचा वार हवा. मंगळवारचा कुकर त्याचा: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. भात गिच्च झाला तरी तोच वाढायचा. आणि बहिणीच्या भाताला होत नाही ते कौतुक त्याच्या भाताला नको.

सडेतोड:
इतकं गोंजारलंत तर मुलगा मुळूमुळू होईल. बाहेर कोण विचारणार आहे त्याला?

मधली_सुट्टी:
सडेतोड, कणखर व्हायलाच हवा. सामना हरला तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर जायचंच, त्यात सूट नाही. फक्त हरल्याचं वाईट वाटलं हे घरी बोलता आलं पाहिजे. देशात २०२२मध्ये आत्महत्या केलेल्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त पुरुष होते. न बोलणाऱ्याला कणखर कसं म्हणायचं?

कृष्णाकाठ:
नवऱ्याला धागा वाचायला दिला. तयार आहे, पण सुरुवात कशाने करू म्हणतोय.

डॉ_खडीसाखर:
आंघोळीने. शिश्नावरची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, नुसत्या पाण्याने धुवायचं आणि आठवणीने परत पुढे आणायची. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते. अजून मागे जात नसेल तर ओढाताण करायची नाही, या वयात ते चालतं. लघवीला जळजळ किंवा लघवी करताना कातडीचा फुगा होत असेल तरच दाखवायला आणा.