टेबलाखाली बसवलेल्या करवतीचा भुसा आवरत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरामागच्या १० बाय १२च्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सुतारकाम करतो. पाट, चौरंग, सध्या आईचा देव्हारा. ७ इंची सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवली आहे, आपले मिस्त्री बसवतात तशीच. काम झकास होतं, पण भुसा! बराचसा खाली पडतो, उरलेला पात्याच्या दातांतून फिरून वर येतो तो थेट तोंडावर. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) कापलं की पिठासारखी धूळ किती तरी वेळ तरंगत राहते. दोरीवरचे कपडे तर जातातच, पण बाबांना दमा आहे. घरातून शेवटची ताकीद मिळाली आहे.

घरचा व्हॅक्युम क्लीनर लावून पाहिला. दहा मिनिटांत फिल्टर तुंबला. मग टेबल खालून प्लायने चारी बाजूंनी बंद केलं. भुसा आटोक्यात आला, पण मशीनला हात लावता येईना इतकं तापलं. मोटरच्या जाळीवर भुशाचा थर! खोका काढून टाकला.

सायक्लोन बादलीने (व्हॅक्युमच्या आधी भुसा अडवणारी बादली) भागेल की कापडी पिशवीवाला १ एचपीचा ब्लोअर घ्यावा? बजेट बेताचं आहे.

प्रतिसाद १

मोटरसकट खोका केलात, तिथे चुकलं. मोटर थंड राहायला आजूबाजूची हवा ओढते, बंद खोक्यात भुसाच ओढणार. पात्याचं जे पक्कं कव्हर आहे (तुमच्याकडे ते आता खाली आलं असेल), त्याला भुसा बाहेर टाकायचं तोंड असतं. पाईप तिथे जोडा. माप जुळलं नाही तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. व्हॅक्युमच्या आधी सायक्लोन बादली हवीच, भुसा गरगर फिरून तिच्यातच बसतो, फिल्टरपर्यंत थोडाच पोचतो. फक्त रंगाची पातळ बादली नको. पाईप तुंबला की ओढीने चेपते. माझी चेपली, घरात अजून हसतात. एकात एक अशा दोन घाला.

प्रतिसाद २

साधी कापडी पिशवी जाड भुसा धरते, बारीक धूळ विणीतून परत शेडमध्येच सोडते. दम्याचा माणूस घरात असताना तो ब्लोअर नकोच. लाकडाची धूळ आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९५ सालीच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली आहे, आणि एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा गोंद. एमडीएफ प्लायच्या दुकानातूनच मापाने कापून आणा, बरेच जण देतात. एन९५ मास्क करवत बंद झाल्यावर लगेच उतरवू नका. आणि झाडू तर मारूच नका, बसलेली धूळ पुन्हा उडते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कव्हरचं तोंड उघडून पाहिलं, भुशाने गच्च! इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. रविवारी ट्यूब चढवून बघतो. पण वरून तोंडावर येणारा भुसा यानेही राहणारच ना? पात्यावर अ‍ॅक्रिलिकचं झाकण करून दुसरा पाईप कोणी जोडलाय का? फोटो असेल तर टाका.