मदत हवी आहे: रक्तगटाची यादी आणि लो-कार्ब एका डब्यात कसं बसवू?

मंडळी, आधी घरची परिस्थिती सांगते. मी ४७ वर्षांची, रक्तगट बी पॉझिटिव्ह. नवरा ५२, ओ पॉझिटिव्ह. राहायला भांडुप, दोघांची ऑफिसं फोर्टात, त्यामुळे दोन डबे रोज सकाळी साडेसातच्या आत भरावे लागतात. गेल्या महिन्यात माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, भात-पोळी कमी करा आणि वजन उतरवा. म्हणून लो-कार्ब सुरू केलं. ह्यांना आठ वर्षांपासून डायबेटिस आहे, तर हेही माझ्याबरोबर उत्साहाने लागले.

इथवर ठीक होतं. मग नणंदबाई रक्तगटाप्रमाणे आहाराची यादी घेऊन आल्या. लॅमिनेट करून! स्वतःच्या हाताने फ्रिजला लावून गेल्या.

आता बघा. माझ्या यादीत चिकन, कोलंबी, कुर्ल्या, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो, मूग, मसूर, चणे आणि नारळ सगळं बंद. मालवणी घरात नारळ बंद म्हणजे गॅस बंद केल्यासारखंच. दही-पनीर चालतं, राजमाही चालतो, पण राजमा लो-कार्बवाले खाऊ देत नाहीत. कुरमुरे तर यादीप्रमाणे मला उत्तम! लो-कार्बमध्ये त्यांचं नाव काढायची सोय नाही. ह्यांच्या यादीत चिकन चालतं, पण दूध-दही-पनीर, फ्लॉवर, वांगं नाही. नारळ-शेंगदाणे त्यांनाही बंद. दोघांच्या याद्या आणि लो-कार्ब यांत सामाईक उरतात ते मटण, बांगडा आणि दोन-तीन पालेभाज्या. आणि आठवड्याभरात श्रावण लागतोय, म्हणजे मटण-बांगडाही गेले.

तर दोन वेगळे डबे न करता हे कसं जमवायचं? कुणी केलंय का? श्रावणात चालतील असे पदार्थ सुचवा.

आणि हो, परवा संध्याकाळी हे गाडीत घाटकोपरच्या आसपास घामाघूम झाले, हात थरथरायला लागले. शेजारच्या माणसाने लिमलेटच्या गोळ्या दिल्या तेव्हा सावरले. नणंदबाई म्हणतात, शरीरातली विषं बाहेर पडताना असं होतं. खरं आहे का?

चुलीवरची: मटण-बांगड्याचा सल्ला देणारी नणंद मला का नाही मिळाली! बाकी श्रावणासाठी पनीर भुर्जी...

रात्रपाळी: पनीर राहू द्या बाजूला. ताई, ते घाटकोपरचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं. ह्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?

भांडुपकरीण (धागाकर्ती): सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. आणि मेटफॉर्मिन दोन वेळा. दोन्ही जुन्याच आहेत, काही बदललेलं नाही.

रात्रपाळी: गोळी बदलली नाही, जेवण बदललं. तिथेच घोळ आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही पोळ्या खा नाहीतर दोन उकडलेली अंडी. पूर्वी तेवढं इन्सुलिन नाश्त्याच्या आणि दुपारच्या पोळ्यांवर खर्ची पडायचं, आता साखर खाली जाते. विषंबिषं काही नाही, शुगर उतरली होती, आणि लिमलेटने बरं वाटलं हा त्याचा पुरावाच समजा. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

उद्या सकाळी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि जेवणात नेमकं काय कमी केलंय ते सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ह्यांचं जेवण पूर्वीसारखं ठेवा. खिशात साखर हवीच. परत थरथर, घाम, गरगरणं झालं तर ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. गाडीत मीटर नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी साखर. अशा वेळी बदाम-पनीर कामाचं नाही, साखर पटकन चढायला हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, थेट दवाखाना. मी नर्स आहे, अशा केसेस रात्री येतात, म्हणून जरा चढ्या आवाजात लिहितेय.

पारले_पूर्व: वरच्या प्रतिसादाला माझा दुजोरा. यादीबद्दल दोन शब्द. हा प्रकार पीटर डी'अडामो या अमेरिकन निसर्गोपचारकाने १९९६ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. म्हणणं असं की धान्य-कडधान्यातली लेक्टिन्स नावाची प्रथिनं रक्तगटानुसार त्रास देतात. २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात याला आधार मिळाला नाही. २०१४ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या मंडळींनी १,४५५ जणांचा आहार आणि रक्ततपासणी ताडून पाहिली. ओ गटासाठी सांगितलेल्या आहाराशी ज्यांचं खाणं जुळत होतं त्यांचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) कमी होते, पण त्या माणसांचा स्वतःचा गट ओ असो की बी, फरक दिसला नाही. तो आहारच बराचसा लो-कार्बसारखा आहे! म्हणजे फायदा दिसतो तो ताटातल्या बदलाचा, रक्तगटाचा त्यात हात नाही.

शिवाय आपल्याच गावाची गंमत. बॉम्बे रक्तगट १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथेच शोधला. हे लोक साध्या तपासणीत ओ दिसतात, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. त्यांनी फ्रिजला कोणती यादी लावायची?

चुलीवरची: मग नारळ परत आला म्हणायचं! ताई, लो-कार्बमध्ये ओला नारळ आणि शेंगदाणे ही तर आपली मुख्य माणसं. यादीने तीच हाकलली होती. श्रावणात दुधी, पडवळ, घोसाळी, कोबी, माठ, काय हवं ते करा, वर खोबरं. दाण्याचं कूट घालून काकडीची कोशिंबीर. पनीर दोघांनाही. डाळ पूर्ण बंद करू नका, शाकाहारी दिवसांत प्रथिनं कुठून आणणार? वाटीभर मुगाचं वरण, पोळी एकच. आणि उपासाला साबुदाणा नको, तो जवळपास निव्वळ स्टार्च. ज्वारी-बाजरीच्या भाकरीलाही कार्ब कमी समजू नका, पिठाला पीठ तोलून बघितलं तर गव्हाच्या जवळपासच असतं.

भांडुपकरीण (धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. आधी हसले, मग म्हणाले, गेल्या आठवड्यात ऑफिसातही दोनदा असं झालं होतं, तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. (यावर घरात काय झालं ते लिहीत नाही.) सकाळी डॉक्टरांशी बोललो. त्यांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला, आठवडाभर दिवसातून चार वेळा शुगर मोजून वहीत लिहायला सांगितलंय, आणि पोळी एकदम बंद न करता दुपारी एक ठेवायला सांगितलीय. माझं चालू आहे तसंच चालू.

आज दोन्ही डब्यांत एकच भाजी होती, दुधी चण्याची डाळ घालून, वर खोबरं. पुढचा प्रश्न: नणंदबाई रविवारी जेवायला येताहेत. यादी फ्रिजवर तशीच आहे, काढू की राहू देऊ?

चुलीवरची: त्यांचा रक्तगट कोणता?

भांडुपकरीण (धागाकर्ती): ए. म्हणजे त्यांना नारळ बंद, शेंगदाणे चालतात. कूट घालून कोशिंबीर करते मग.